आजचा ओमर आजच

आमच्या घरी सकाळी उठल्याबरोबर पहिलं काम चहा ठेवणं नाही, पप्पांच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून बघणं. तिथे कातडीखाली झुणझुण लागते, कसं सांगू, मांजर मांडीवर बसून गुरगुरते तेव्हा हाताला लागतं ना तसं. ती लागली की पप्पा म्हणतात "चालू आहे", मग चष्मा लावतात आणि बायबल उघडतात. याला फिस्तुला म्हणतात, हातातली शीर आणि धमनी ऑपरेशन करून जोडतात म्हणजे डायलिसिसच्या जाड सुयांना रक्ताचा जोर मिळतो. झुणझुण थांबली तर रक्त गोठलं समजायचं आणि तसंच हॉस्पिटल गाठायचं, एवढं सिस्टरने आम्हाला बजावून ठेवलंय. डायलिसिस सुरू होऊन या जुलैत तीन वर्षं होतील.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभूने काय केलं याची साक्ष द्यायला उभी राहिले की मला दोन मिनिटांत आटपावं लागतं, आणि दोन मिनिटांत सांगितलं की सगळं सोपं वाटतं. अडचण आली, प्रार्थना केली, प्रभूने मार्ग दाखवला, आमेन. आमचं तसं झालं नाही. मार्ग दाखवला हे खरं, पण कसा दाखवला आणि मधे आम्ही कुठेकुठे भरकटलो ते राहूनच जाते, म्हणून आता सविस्तर लिहून राहिली.

मी नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. कामच हिशोबाचं, त्यामुळे घरचंही सगळं एक्सेलमध्ये, मुलीची फी, हप्ते, गाडीचं सर्व्हिसिंग, पुढच्या दोन वर्षांचं. २०२२ च्या मे मध्ये नवऱ्याला पुण्याजवळ चाकणला जॉब लागला, तो पुढे गेला, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मुलगी शिफ्ट होणार असं ठरलं, फ्लॅट पण बघून ठेवला होता. आणि जुलैत पप्पांचे पाय सुजले. तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणायचे, जेवण जाईना, आम्हाला वाटलं जुनी शुगर आहे त्याचंच काहीतरी असेल. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ९.८, म्हणजे किडन्या जवळजवळ बंद. त्याच रात्री मानेत नळी टाकून पहिलं डायलिसिस झालं आणि डॉक्टर कॉरिडॉरमध्ये येऊन म्हणाले, आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, कायमचं. पप्पा ६१ वर्षांचे, शाळेत लॅब असिस्टंट होते, रिटायर होऊन तीनच वर्षं झाली होती. आईचे गुडघे गेलेले. भाऊ बंगलोरला.

त्या दिवसांत मी एकच प्रार्थना करायची, प्रभू मला पुढचं दाखव, सगळं नाही, एक वर्षाचं तरी दाखव, पुण्याला जायचं की राहायचं एवढं सांग. आणि उत्तर लगेच पाहिजे होतं, कारण फ्लॅटवाल्याला डिपॉझिट द्यायचं होतं. मग मी ते केलं जे आपल्यातले बरेच जण करतात पण सांगत नाहीत. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं, जे वचन निघेल ते उत्तर. पहिल्यांदा इतिहासाच्या पुस्तकातली वंशावळ निघाली, अमक्याचा मुलगा तमका. दुसऱ्यांदा उघडलं, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा उघडते म्हणजे मला देवाचं नाही, माझंच उत्तर त्याच्या तोंडून ऐकायचं आहे, हे समजायला मला कित्येक महिने गेले. बायबलमधल्या गिदोनाने लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली तशी खूण पण मागून पाहिली, आज तीनच्या आत नवऱ्याचा फोन आला तर जायचं नाहीतर राहायचं. फोन तीननंतर आला आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून खूप रडले. आई-बाप आजारी असताना नवऱ्याकडे जायचं की नाही हा प्रश्न फोनच्या वेळेवर सोडवायचा नसतो, पण तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. मला वाटलं ते प्रार्थना करतील आणि सांगतील राहा म्हणून किंवा जा म्हणून. त्यांनी फक्त विचारलं, "उद्या सकाळी तुला काय करायचं आहे ते माहीत आहे का?" मी म्हटलं, हो, उद्या बुधवार, पप्पांना पाच वाजता न्यायचं आहे. तर म्हणाले, "मग उद्याचं तर प्रभूने तुला सांगितलंच आहे, परवाचं काहून मागून राहिली?" मला रागच आला, खरं सांगते. निघताना म्हणाले घरी जाऊन निर्गमचा सोळावा अध्याय वाच, सावकाश वाच.

तो अध्याय लहानपणी संडे स्कूलमध्ये चित्रं रंगवत शिकलेला. इस्राएल लोक रानात, खायला काही नाही, आणि सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर काहीतरी बारीक पांढरं पडलेलं. लोक एकमेकांना विचारतात "हे काय?" आणि तेच त्याचं नाव पडलं, मान्ना. माणशी एक ओमर, म्हणजे त्या काळचं एक माप, गोळा करायचा, त्या दिवसापुरता. काहींनी उद्यासाठी म्हणून ठेवला तर सकाळपर्यंत त्यात किडे पडले, घाण वास सुटला. ऊन तापलं की राहिलेला वितळून जायचा. आणि असं एक-दोन दिवस नाही, चाळीस वर्षं. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून हे वाचत होते, काचेपलीकडे पप्पा मशीनला लागलेले, आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण डायलिसिस हुबेहूब तसंच आहे. सोमवारी आठ तास करून घेऊ आणि बुधवारी सुट्टी घेऊ असं चालत नाही. किडनी आठवड्याचे १६८ तास काम करते, मशीनला मिळतात १२. केलेलं दोन दिवस पुरतं, साठवता येत नाही. शनिवार-रविवारचा गॅप मोठा म्हणून सोमवारी पहाटे पप्पांचा चेहरा फुगलेला असतो. आणि मी अशा माणसासाठी देवाकडे एक वर्षाचा साठा मागत होते.

हिशोबवाल्यांना रोजमेळ माहीत असतो. दिवसाची जमा, दिवसाचा खर्च, संध्याकाळी मेळ घालायचा आणि मगच वही मिटायची. मी तसली लाल कापडाची वही इतवारीतून आणली आणि तिच्यात रोज रात्री लिहायला लागले, आज प्रभूने काय दिलं आणि आज त्याने काय करायला सांगितलं. पुढचं पान रिकामं ठेवायचं. रोजमेळात शिल्लक पुढे ओढतात, मी ती ओढायची नाही असं ठरवलं. पहिल्या पानावर आहे, "ऑटोवाले काका पाचला आले. सुई एकदाच टोचून लागली. आईशी चिडून बोलू नकोस असं दुपारी मनात आलं, तरी बोलले." एवढंच. पहिले दोन महिने मला वाटायचं यात कुठे आलं देवाचं मार्गदर्शन, हे तर रोजचंच आहे. हे काय?

पण लिहीत गेल्यावर दिसायला लागलं. एखाद्या दिवशी उगाच वाटायचं आज ऑफिसातून अर्धा तास लवकर निघावं, आणि घरी आलं की आई बाथरूममध्ये घसरलेली. एखाद्या दिवशी असं काहीच नाही, वचन वाचलं, कोरडं वाटलं, कामाला गेले. कोरडे दिवस जास्त होते, वहीत मोजलेत मी. पुण्याचा निर्णय कधी झाला ते त्या वहीत शोधलं तर सापडत नाही. फ्लॅटचं डिपॉझिट दिलं नाही, दिवाळीत गेलो नाही, मुलीचा दाखला काढला नाही, असं एकेक दिवस करत राहणं झालं. आमच्या भिंतीवर नीतिसूत्रांचं वचन टांगलेलं आहे, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस, सर्व मार्गांत त्याचा आदर कर म्हणजे तो तुझा मार्गदर्शक होईल. लग्नात कोणीतरी दिलेली फ्रेम. मी ते नेहमी असं वाचायची की आदर केला की नकाशा मिळेल. तिथे नकाशा लिहिलेलाच नाही, मार्गदर्शक लिहिलं आहे. म्हणजे सोबत कोणीतरी चालणारा.

पहाटेचा आमचा रस्ता ठरलेला. गड्डीगोदामातून निघालं की एलआयसी चौक, आरबीआय चौक, झिरो माईल, व्हरायटी चौक, मग धंतोली. थंडीत पप्पा कानाला मफलर बांधून ऑटोत मधे बसतात. झिरो माईलच्या चार घोड्यांजवळून जाताना ते हमखास काहीतरी सांगतात. एकदा नारायण वामन टिळकांचं सांगितलं. टिळक नागपूरला राहायचे, इथून रेल्वेने राजनांदगावला चालले होते, डब्यात एका गोऱ्या साहेबाशी गप्पा झाल्या आणि त्याने जाताना त्यांच्या हातात बायबल ठेवलं. १८९५ मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि आज आपण उपासनेत त्यांची भजनं म्हणतो. पप्पा म्हणाले, "तिकीट राजनांदगावचं होतं बेटा, प्रभूने उतरवलं कुठे बघ." मग बराच वेळ गप्प, आणि पंचशील चौकात म्हणाले, "माझ्यामुळे तुझं तिकीट रद्द झालं." मी त्यांचा हात धरला, उजवा, डाव्यावर भार द्यायचा नसतो.

आता ते लिहिते जे लिहायला जड जातं. डिसेंबर २०२२. पप्पांना मशीनवर तिसऱ्या तासाला पोटऱ्यांमध्ये असे गोळे यायचे की ओरडायचे, घरी आल्यावर दिवसभर पडून. त्या सुमारास दुसऱ्या एका प्रार्थना गटातले एक भाऊ घरी आले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले की ख्रिसमसच्या आत मशीन सुटणार असं प्रभूने दाखवलं आहे, फक्त शंका घेऊ नका. आई रडायला लागली, पप्पांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी उजेड दिसला. गुरुवारी आम्ही उपवास-प्रार्थना केली. शुक्रवारी २३ तारखेला ऑटो दारात उभा आणि पप्पा म्हणाले, आज नाही येत, विश्वासाने राहतो. मला आतून वाटत होतं हे बरोबर नाही, अगदी स्पष्ट वाटत होतं, पण मी बोलले नाही, कारण मी बोलले तर माझ्या अविश्वासामुळे त्यांचं बरं होणं अडेल अशी भीती वाटली. ऑटो परत पाठवला.

रविवारी ख्रिसमस. सकाळी उपासनेला गेलो, पप्पांनी नवीन शर्ट घातला, लोक भेटले, घरी करंज्या, शंकरपाळे, चिवडा, त्यांनी थोडं थोडं सगळं खाल्लं. रात्री अकराला ते आडवे होऊ शकेनात. बसून राहिले, उशी छातीशी धरून, ओठ निळसर, दर दोन शब्दांना श्वास. फुफ्फुसात पाणी भरलं होतं. इमर्जन्सीत नेलं, रात्री एकला मशीन लागलं. वजन ठरलेल्यापेक्षा सव्वाचार किलो जास्त, ते सगळं पाणी. ड्युटीवरची डॉक्टर माझ्यावर ओरडली आणि तिचं बरोबरच होतं. मी तिला काय सांगणार होते?

मी आजही मानते की प्रभू बरं करतो, पप्पांसाठी रोज मागते, आजही मागितलं. पण जे वचन सांगणारा माणूस मध्यरात्री इमर्जन्सीत सोबत नसतो, आणि जे वचन दुसऱ्याला औषध सोडायला लावतं, ते नीट तपासून घ्यायचं, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारायचं, डॉक्टरला विचारायचं. आणि आतून जो अडसर वाटतो तो दरवेळी अविश्वास नसतो, कधीकधी तोच आत्म्याचा आवाज असतो, मी त्याला गप्प केलं. पप्पा चार दिवसांनी जरा बोलायला लागले तेव्हा स्वतःच म्हणाले, "सैतानाने प्रभूला मंदिराच्या टोकावरून उडी मार म्हटलं, ते पण शास्त्रातलं वचन सांगूनच ना." त्या भावाला त्यांनी स्वतः फोन करून मनात काही नाही म्हणून सांगितलं. मला त्याला एक वर्ष लागलं. वहीत त्या चार दिवसांची पानं कोरी आहेत, नंतर भरली नाहीत.

त्यानंतर आमच्या घरी विश्वास म्हणजे काय हे बदललं. विश्वास म्हणजे पाचला तयार होऊन ऑटोत बसणं, आणि पाणी मोजून पिणं. पाण्याचं सांगायलाच पाहिजे, कारण ज्याच्या घरी डायलिसिस नाही त्याला हे कळत नाही. पप्पांना दिवसाला ७५० मिली, चहा, वरण, औषधाचं पाणी धरून. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ वर, कूलर गरम हवा फेकून राहिला, आणि माणसाला पाणी मोजून. पप्पांना रिटायरमेंटच्या वेळी शाळेने लॅबमधलं काचेचं मेजरिंग सिलिंडर दिलं होतं आठवण म्हणून, ते कपाटात होतं. ते काढलं. सकाळी त्यात ७५० भरून एका बाटलीत ओततात, दिवसभर त्यातूनच, डोळे रेघेच्या लेव्हलला आणून बघतात जसं आयुष्यभर पोरांना शिकवलं. कधी बर्फाचा खडा तोंडात धरतात, तो पण हिशोबात. आणि ज्या शहराचं नावच संत्र्याने ओळखतात तिथे यांना संत्रं बंद, पोटॅशियम वाढते म्हणून. काटोलहून आमचे एक नातेवाईक दर फेब्रुवारीत मृग बहाराची पेटी पाठवतात. पप्पा सोलून नातीला देतात आणि हाताचा वास घेतात.

२०२३ चा गुड फ्रायडे ७ एप्रिलला होता, शुक्रवार म्हणजे आमचा वार. पप्पांनी ठरवलं होतं की सकाळची शिफ्ट करून बाराला चर्चमध्ये पोचायचं, येशूने क्रुसावर काढलेल्या सात उद्गारांची उपासना त्यांनी कधी चुकवली नाही. पण त्या दिवशी पाण्याच्या प्लांटचं काहीतरी काम निघालं आणि सकाळच्या सगळ्यांना पुढे ढकललं, साडेअकराला मशीन लागलं. पप्पा खट्टू झाले. मी म्हटलं मी वाचते. सिस्टरने त्या दिवशी आत बसू दिलं, स्टूल घेऊन त्यांच्या उशाशी बसले आणि मोबाईलवर हळू आवाजात एकेक उद्गार, मधे थोडी शांतता, मशीनची टिकटिक. पाचव्याला आले. योहान १९. मला तहान लागली आहे.

पप्पांनी डोळे उघडले. ओठ फुटलेले, जीभ फिरवली. म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. "एवढी वर्षं ऐकतो," म्हणाले, "आज समजलं. त्याला माहीत आहे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं आणि एक हात मशीनला, दुसऱ्याला बीपीचा पट्टा, त्यामुळे मी पुसलं. बाजूच्या बेडवर मोमीनपुऱ्याचे एक चाचा असायचे, रमजान चालू होता. ते सगळं ऐकत होते. म्हणाले, "हमको तो डॉक्टर ने रोजा मना किया है बेटी, पर प्यास का रोजा तो साल भर चल रहा." आणि मग तेच म्हणाले, आगे पढ़ो. मी पुढचे दोन उद्गार जरा मोठ्याने वाचले. त्या रात्री वहीत मी फक्त "परत वाच" एवढंच लिहिलं.

नवऱ्याचं सांगायचं राहिलं. तो पंधरा दिवसांनी रात्रीच्या गाडीने यायचा, रविवारी परत. मुलगी त्याची बॅग लपवून ठेवायची. चौदा महिने मी प्रार्थना केली की प्रभू मला तिकडे जायचा मार्ग दे, पप्पांची काही सोय कर. मार्ग उलट्या बाजूने आला. २०२३ च्या सप्टेंबरात, अंबाझरी तलावाचं पाणी शहरात शिरलं तो शनिवार, फोन लागत नव्हते, तो तिकडे टीव्हीवर नागपूर बघत बसला होता. आमच्याकडे काही झालं नव्हतं पण त्याला ते दुपारपर्यंत कळलं नाही. ऑक्टोबरात त्याने इथे नागपूरजवळ बुटीबोरीला जॉब घेतला, पगार कमी. म्हणाला, "मी तुला विचारत राहिलो तू कधी येतेस, आणि प्रभू मला विचारत होता तू कधी जातोस." हे मला कधी सुचलंच नव्हतं, मी त्याच्या बाजूने एकदाही मागितलं नव्हतं. याला प्रार्थनेचं उत्तर म्हणायचं की त्याचा त्याग, माझ्या मते दोन्ही, आणि ईएमआयचा ताण आजही आहे तो पण खरा.

किडनीचं म्हणाल तर मी द्यायला तयार होते. पप्पा महिनाभर नाही म्हणत होते, कसंबसं मनवलं, तर तपासणीत माझीच शुगर काठावर निघाली आणि लघवीत प्रोटीन, डॉक्टर म्हणाले तुमची घेता येणार नाही. भावाचा ब्लड ग्रुप जुळला नाही. मग झेडटीसीसीच्या, म्हणजे दान केलेले अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव टाकलं, ब्रेनडेड झालेल्या माणसाच्या घरच्यांनी दान केलं तर यादीप्रमाणे मिळते. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसलं हा मोठा आधार होता, नाहीतर आमचं काही खरं नव्हतं. पण यादी म्हणजे थांबणं. थांबण्यावरून पप्पांनी एकदा मशीनवर पडल्या पडल्या सांगितलं, २९ नोव्हेंबर १९७० ला ते नऊ वर्षांचे, आजोबांच्या बोटाला धरून सदरला ऑल सेंट्स कॅथेड्रलला गेले होते, सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते आपल्या नागपुरातच. त्यांना गर्दी आठवते आणि आजोबा रडत होते ते आठवते. त्या एकीची बोलणी १९२९ ला लखनौला सुरू झाली होती. "एकेचाळीस वर्षं," पप्पा म्हणाले. "सुरुवात करणारे कित्येक जण तो दिवस पाहायला राहिले नाहीत. पण आपल्या वाट्याची मीटिंग त्यांनी केली."

फेब्रुवारी २०२४ मध्ये रात्री दीडला फोन आला. एक किडनी मिळण्याची शक्यता आहे, तुम्ही स्टँडबायवर आहात, काही खाऊ-पिऊ देऊ नका, लगेच या. अशा वेळी एकापेक्षा जास्त पेशंटना बोलावतात, पहिल्याचं जमलं नाही तर दुसरा. आम्ही पोचलो, रक्त घेतलं, आणि मग बाकावर बसलो. मी मनात प्रार्थना सुरू केली आणि मधेच थांबले. काय मागू? आम्हाला मिळावी म्हणजे त्या पहिल्याचं जुळू नये. आणि कुठेतरी या शहरात एक घर होतं जिथलं माणूस त्या रात्री गेलेलं होतं. मी पप्पांकडे बघितलं, त्यांचे ओठ हलत होते. हळूच कान दिला तर ते त्या गेलेल्याच्या घरासाठी मागत होते. मग त्यांनी जो कोण पहिल्या नंबरवर आहे त्याच्यासाठी मागितलं. स्वतःसाठी फक्त प्रभूच्या प्रार्थनेतलं तेवढं, आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.

सकाळी सातला सांगितलं की पहिल्याचं जुळलं, तुम्ही जाऊ शकता. आई बाहेर येऊन फुटपाथवर बसली. नवऱ्याने पोहे आणले, पप्पांना तर्री चालत नाही, कोरडेच खाल्ले. मला खूप राग होता, कोणावर ते माहीत नाही, देवावरच असेल. पप्पा घड्याळ बघून म्हणाले, "आज शुक्रवार आहे. सात वाजले. मशीन रिकामं ठेवतील का?" आणि आम्ही तिथून तसेच डायलिसिसला गेलो. वहीत त्या दिवशीचा मेळ मला लागला नाही, मी तसं लिहून ठेवलं, "मेळ नाही". पाळकसाहेबांना दाखवलं तर म्हणाले स्तोत्रांमध्ये पण अशी पानं आहेत, ठेव तशीच.

यादीत नाव अजून आहे. आता परत मे आहे, तिसरा उन्हाळा. मोमीनपुऱ्याचे चाचा गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या बेडवर महिनाभरापासून एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा येतो, सोबत त्याची आई, भंडाऱ्याकडची. सोमवारी ती माउली माझ्या शेजारी बाकावर बसली आणि विचारलं, "किती दिवस करावं लागते वो हे?" मला उत्तर देता आलं नाही, मी तिचा हात धरला, आणि मग वाटलं म्हणून तिच्यासोबत तिथेच प्रार्थना केली, ती आपल्यातली नाही पण तिने डोळे मिटले. बुधवारी तिने पप्पांना विचारलं की पोराला तहान आवरत नाही, तुम्ही पाणी मोजता कशानं. पप्पांनी तिला सगळं समजावून सांगितलं, रेघ, लेव्हल, बर्फाचा खडा. घरी येताना ऑटोतूनच मला म्हणाले, शाळेत जाऊन बघ, जुन्या स्टोअररूममध्ये अजून एखादं सिलिंडर असेल, माझं नाव सांग.

आज दुपारी सुट्टी टाकून गेले. मिळालं. ५०० मिलीचं आहे, वरची कड जराशी उडाली आहे पण रेघा स्पष्ट दिसतात. धुऊन, टॉवेलमध्ये गुंडाळून पप्पांच्या पिशवीत ठेवलं आहे, उद्या शुक्रवार.